विहिणीशी बोलण्यापुरती स्पॅनिश : कोणता ऑडिओ कोर्स घ्यावा

पहिला प्रश्न हातांचा. धडा ऐकताना तुमचे हात मोकळे असणार की कणकेत, हे आधी ठरवा. स्पॅनिशचा कोणता ऑडिओ कोर्स घ्यायचा याचा निम्मा निकाल तिथेच लागतो. इंटरनेटवर या कोर्सांबद्दल लिहिणारे बरेच जण ऑफिसला जाता-येता ऐकणारे दिसतात, त्यांना हा प्रश्नच पडत नाही. मी बँकेतून निवृत्त झालेली, बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी बाई. सकाळी कमाटीबागेत फेऱ्या, मग स्वयंपाक, दुपारी झोपाळा. जो कोर्स झोपाळ्यावर छान चालतो तो स्वयंपाकघरात अगदी निरुपयोगी ठरतो.

शिकायचं कारण घरचं आहे. मुलगा स्पेनमध्ये सेव्हिलला विमानांच्या कामावर, सून तिथलीच, आणि विहीणबाईंना इंग्रजी अजिबात येत नाही. व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघी बोलतो आणि मध्ये मुलगा दुभाष्या. विहीणबाई चांगला वेळ हातवारे करून काहीतरी रंगवून सांगतात आणि चिरंजीव मला सांगतात, "आई, त्या बऱ्या आहेत म्हणतायत." माझी सगळी नोकरी काउंटरवर गेली. मधला माणूस किती गाळतो ते मला कळतं.

त्यात २८ ऑक्टोबर २०२४ ला स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ बडोद्याला येऊन गेले, सी-२९५ विमानांच्या टाटा-एअरबस कारखान्याचं उद्घाटन झालं, आणि तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमधली इंजिनिअर पोरंही विचारायला लागली, "काकू, कुठलं ॲप घेऊ?" भारताच्या हवाई दलासाठीच्या करारातल्या ५६ विमानांपैकी १६ सेव्हिलची आणि ४० इथली, म्हटल्यावर त्यांचं विचारणं वावगं नाही. एकेकाला जिन्यात थांबवून सांगण्यापेक्षा लिहून काढलेलं बरं.

हात कणकेत असतील तर पिम्स्लर. पॉल पिम्स्लर हे अमेरिकेतले फ्रेंचचे प्राध्यापक. त्यांचा पहिला कोर्स १९६३ मध्ये निघाला, तोही ग्रीकचा. १९६७ मध्ये त्यांनी एका लेखात आठवणीचं वेळापत्रक मांडलं: नवा शब्द ५ सेकंदांनी पुन्हा विचारायचा, मग २५ सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, तासाभराने, ५ तासांनी, दुसऱ्या दिवशी, असं अंतर वाढवत पार २ वर्षांपर्यंत. शब्द विसरायच्या बेतात असतानाच विचारला की पक्का बसतो, हे त्यामागचं गणित. आज आपल्याला मिळणारा कोर्स अजून त्याच गणितावर चालतो.

धडा अर्ध्या तासाचा असतो. निवेदक इंग्रजीत विचारतो, अमुक कसं म्हणाल? आणि गप्प बसतो. तेवढ्या शांततेत तुम्ही उत्तर मोठ्याने म्हणायचं, मग बरोबर उत्तर ऐकू येतं. ही शांतता रेकॉर्डिंगमध्येच आहे, बटणाला हात लावावा लागत नाही. पोळी लाटा, उलटा, फुगेपर्यंत थांबा, उत्तर द्या. मोठा शब्द असेल तर तो शेपटाकडून शिकवतात. 'नोर्तेआमेरिकानो' सारखं प्रकरण असेल तर आधी 'कानो', मग 'रिकानो', मग 'आमेरिकानो', असं मागून पुढे येत जिभेला वळण लावतात. आणि पिम्स्लरवाल्यांचा एक नियम मला फार आवडला: धड्यातलं ८० टक्के जमलं की पुढे जा, शंभराची वाट बघू नका. आपल्या शाळेतून आलेल्या माणसाला हे पचायला जरा वेळ लागतो, पण तसंच करावं.

त्याची खोड म्हणजे तो मुळात फिरतीवरच्या साहेबांसाठी बनवलाय. पहिल्याच धड्यात अनोळखी बाईला विचारायचं, तुम्हाला इंग्रजी समजतं का. मग हॉटेल कुठे, रस्ता कुठे, आणि लवकरच काहीतरी प्यायला जाणं, बिअर, वाइन. राज्य स्थापन झाल्यापासून दारूबंदी असलेल्या गुजरातमध्ये, पोळ्या लाटत मी "दोस सेर्बेसास" म्हणजे दोन बिअर मागते, हे आमच्या यांना भारी मजेशीर वाटतं. शेजारच्या बेननी भिंतीपलीकडून मला "बीनो, बीनो" म्हणताना ऐकलं आणि कोणाला हाका मारतेय म्हणून बघायला आल्या. बीनो म्हणजे वाइन. मी त्यांना तसं सांगितलं नाही. मात्र 'नातू', 'ताप', 'भाजी', 'झोपलाय का' हे मला जे हवं ते यायला फार वाट बघावी लागते. ज्याला मीटिंगला जायचंय त्याला हा क्रम चालेल. आईला, सासूला चिकाटी लागते.

दुसरं असं की हा कोर्स सुरुवात 'उस्तेद' ने, म्हणजे आपल्या 'तुम्ही' ने करतो. मला ते सोयीचं वाटलं, विहिणीला अहो-जाहो करायची आपली रीत. पण स्पेनमध्ये हल्ली सर्रास 'तू' चालतं, आणि त्यांचं 'तू' उच्चारालाही अगदी आपल्यासारखंच. विहीणबाई पहिल्या दिवसापासून मला अरे-तुरे करतात आणि मी त्यांना उस्तेद. मुलगा म्हणतो, "आई, त्यांना वाटतं तू रागावली आहेस." आता मी 'तू' म्हणते, पण म्हणताना मनात एक 'बाई' जोडते.

झोपाळ्यासाठी लँग्वेज ट्रान्सफर. हा माझा पहिल्या नंबरचा कोर्स, आणि तो पूर्ण फुकट आहे. मिखालिस एलेफ्थेरिउ नावाच्या एकट्या माणसाने उभा केलेला हा प्रकल्प देणग्यांवर चालतो, जाहिराती नाहीत. 'कम्प्लीट स्पॅनिश' मध्ये ९० छोटे ध्वनिधडे आहेत. तो एका खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्याला शिकवतो आणि आपण ऐकतो. त्याने प्रश्न विचारला की आपण थांबवायचं, स्वतः वाक्य जुळवायचं, बोलायचं आणि मग पुढे चालू करायचं. म्हणजे बोट बटणावर हवं. कणकेच्या हातांनी हे जमत नाही, आणि न थांबवता ऐकलं तर त्याचा काडीइतका उपयोग नाही. विद्यार्थी उत्तर देतो आणि आपल्याला वाटतं, आपल्यालाही येत होतं.

तो पाठ करू देत नाही, विचार करायला लावतो. सुरुवातीलाच सांगतो की इंग्रजीत लॅटिनमधून आलेले ढीगभर शब्द तुम्हाला ठाऊक आहेत, त्यांची शेवटं बदला. 'शन' ने संपणारे शब्द तिकडे 'सिऑन' ने संपतात. यावर मी झोपाळा थांबवला. बँकेत जन्म गेलेल्या बाईकडे 'शन' ची काय कमी? ऑथोरायझेशन, डिक्लरेशन, ट्रान्झॅक्शन, डेप्रिसिएशन. आउतोरिसासिऑन, देक्लारासिऑन, त्रान्साक्सिऑन, देप्रेसिआसिऑन. एका दुपारी माझा शब्दसाठा विहीणबाईंपेक्षा श्रीमंत झाला, फक्त त्यात दूध आणि साखर नव्हती.

आता माझं खरं म्हणणं. हे सगळे कोर्स इंग्रजी बोलणाऱ्या माणसासाठी बनवलेत. त्याला जे डोंगर वाटतात त्यातले कितीतरी आपण बालपणीच चढलोय, आणि ऐकताना हे लक्षात ठेवलं नाही तर आपण उगीच त्याच्याबरोबर धापा टाकतो. 'मला चहा आवडतो' या वाक्यात कर्ता मी नसून चहा आहे, हे इंग्रजी माणसाला समजावायला धडाच्या धडा खर्ची पडतो. मे गुस्ता एल ते. आंबे असतील तर मे गुस्तान लोस मांगोस, आवडतात. आपल्याला यात समजावण्यासारखं काहीच नाही. क्रियापदावरून बोलणारा कोण ते कळतं म्हणून 'मी' गाळायचं, तेही आपण करतोच. वस्तूंना लिंग असतं, विशेषण त्याप्रमाणे बदलतं, यावर विद्यार्थी सुस्कारे टाकतो. आपल्याकडे तीन लिंगं आहेत, त्यांच्याकडे दोनच, म्हणजे सवलतच झाली.

सगळ्यात गंमत 'आ' ची. घर पाहायचं असेल तर नुसतं घर, पण माणसाला पाहायचं असेल तर आधी 'आ' लावायचा: बेओ ला कासा, पण बेओ आ मारिया. 'घर पाहते' आणि 'मारियाला पाहते'. इंग्रजी विद्यार्थ्याला हा नियम पाठ करावा लागतो, आपण 'ला' लावतो आणि मोकळे होतो. आणि ज्याला सगळे घाबरतात तो त्यांचा सुबखुन्तिबो, म्हणजे इच्छा, शंका सांगताना क्रियापदाचं होणारं वेगळं रूप. 'तू यावंस असं मला वाटतं' मधलं 'यावंस' जिथे येतं, तिथे किएरो के बेंगास मधलं 'बेंगास' येतं. सगळीकडे असं तंतोतंत जुळत नाही, पण पहिली भीती जाते. मी मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मला कोणी सांगितलं नाही असं." त्याने स्पॅनिश इंग्रजीतून शिकून घेतलेली.

उच्चारांचंही तसंच. त्यांचा त आणि द आपल्यासारखा दातांवरचा. रेकॉर्डिंगमधल्या निवेदकाचा इंग्रजी ट कानावर पडला तरी तो उचलू नका. 'ज्ञानेश्वरी' वाचणाऱ्यांच्या पाटीवर निदान एकदा तरी गिरवलेला ञ त्यांच्या 'मान्याना' (उद्या) मध्ये आहे. अडतं ते दुहेरी र ला: 'पेरो' म्हणजे पण, आणि र घोळवून 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. आपली मदत संपते ती 'सेर' आणि 'एस्तार' पाशी. आपल्या एका 'आहे' साठी त्यांच्याकडे दोन क्रियापदं आहेत, आणि इथे मात्र आपणही इंग्रजी विद्यार्थ्याच्याच बाकावर. हे धडे मी परत परत ऐकले आणि अजून ऐकते.

आता स्पेनची घ्यायची की दक्षिण अमेरिकेची? पिम्स्लरमध्ये 'लॅटिन अमेरिकन' चे ५ भाग आहेत, प्रत्येकी ३० धडे. 'कॅस्टिलियन', म्हणजे माद्रिदकडची, त्या मानाने खूपच थोडी आहे. सगळे सांगतात, स्पेनला जाणार तर कॅस्टिलियनच घ्या. पण सेव्हिल माद्रिद नव्हे. त्या पंतप्रधानांचंच आडनाव घ्या. माद्रिदकडे शेवटचं अक्षर जीभ दातांत धरून म्हणतात, जवळजवळ 'सांचेथ'. सेव्हिलला 'सांचेस', आणि मेक्सिकोतही 'सांचेस'. हा योगायोग नाही. १५०३ मध्ये सेव्हिलला कासा दे कोन्त्रातासिऑन हे व्यापाराचं सरकारी कार्यालय स्थापन झालं आणि अमेरिकेशी होणारा सगळा व्यापार त्या शहरातून व्हायला लागला. सुरुवातीला समुद्र ओलांडून गेलेल्यांत आंदालुसियाचे, म्हणजे सेव्हिल ज्या प्रांतात आहे तिथले, लोक पुष्कळ होते, ते आपला स बरोबर घेऊन गेले. म्हणून सेव्हिलच्या व्याह्यांसाठी लॅटिन अमेरिकन कोर्स घेतला तर बिघडत नाही, उलट बरा. शब्द तेवढे बदलून घ्यायचे: मोबाइल लॅटिन अमेरिकेत 'सेलुलार', स्पेनमध्ये 'मोबिल', रस 'खुगो' नाही, 'सुमो', गाडीला 'कार्रो' म्हटलं की सूनबाई हसते, कारण स्पेनमध्ये ती सामान ढकलायची गाडी, मोटार म्हणजे 'कोचे'.

एक गोष्ट मात्र यातल्या कुठल्याच कोर्समध्ये नाही. आंदालुसियाचे लोक शब्दाच्या शेवटचा स खाऊन टाकतात. कोर्स शिकवतो 'मास ओ मेनोस', म्हणजे थोडंफार, विहीणबाई म्हणतात 'मा ओ मेनो'. 'पेस्कादो' (मासा) मधला स नुसता श्वास होतो आणि द गायब. त्यासाठी मी आंदालुसियाच्या सरकारी प्रसारण संस्थेचा रेडिओ, कानाल सुर, मोबाइलवर लावून ठेवते. पहिले काही आठवडे तो नुसता आवाज असतो, समजून घ्यायचा प्रयत्न करू नये. कान सरावला की बातम्यांतली हवामानाची माहिती सगळ्यात आधी कळायला लागते.

बाकीचे झटपट. मिशेल थॉमस यांचा कोर्स गाजलेला आहे. स्टुडिओत दोन विद्यार्थी, पाठांतराला मनाई, आठवलं नाही तर चूक मास्तरांची हा त्यांचा दंडक. पद्धत लँग्वेज ट्रान्सफरच्या जवळची, पण त्यांचा स्वतःचा उच्चार स्पॅनिश माणसाचा नाही, ते पोलंडमधल्या लोड्झचे. फुकटात तसंच काही मिळत असताना पैसे टाकावेत असं मला वाटत नाही. कॉफी ब्रेक स्पॅनिश हा स्कॉटलंडचा पॉडकास्ट, मास्तर प्रेमळ, गती अगदी सावकाश. टिपणं हवी असतील तर पैसे. ज्यांना इंग्रजी ऐकायचीच धास्ती आहे त्यांना तो स्कॉटिश लहेजा जड जाईल. नोट्स इन स्पॅनिश माद्रिदमधलं जोडपं चालवतं, नवरा इंग्रज, बायको तिथलीच. दोघांची रोजच्या गोष्टींवरची बडबड असते, पण थोडं येत असेल तरच मजा.

कमाटीबागेत मी ड्युओलिंगोचा स्पॅनिश पॉडकास्ट ऐकते. २०१७ पासूनचे भाग आहेत. कोणीतरी स्वतःच्या आयुष्यातली खरी गोष्ट सोप्या, सावकाश स्पॅनिशमध्ये सांगतो, मध्येमध्ये निवेदिका मार्तिना कास्त्रो इंग्रजीत धागा जोडून देते. बोलायचा सराव यात शून्य, पण गोष्टी चांगल्या आहेत आणि विश्वामित्रीच्या पुलावर जोरजोरात क्रियापदं चालवायची गरज नाही.

किती दिवसांत येईल, हा पोरांचा आवडता प्रश्न. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची शाळा आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती स्पॅनिश यायला वर्गातले ६०० ते ७५० तास धरते, आणि ही त्यांच्या मते सोप्या गटातली भाषा. पिम्स्लरचे पाचही भाग मिळून होतात ७५ तास. म्हणजे सगळा कोर्स कोळून प्यायलात तरी तुम्ही दशांशावर आलात. 'तीस दिवसांत फाडफाड' म्हणणारी जाहिरात दिसली की हा भागाकार करावा. प्रमाणपत्र हवं असेल तर डेले नावाची परीक्षा असते, तिची चौकशी दिल्लीच्या इन्स्तितुतो सेर्बान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेकडे करा; कानातल्या कोर्सने ती सुटणार नाही, लिहावं वाचावंही लागतं.

पैशांचं सांगते, तो माझा प्रांत. लँग्वेज ट्रान्सफरचे ९० धडे आधी संपवा, त्याला दमडी लागत नाही. ते होईपर्यंत गोडी टिकली तरच पिम्स्लरचं महिन्याचं सदस्यत्व घ्या. पहिला धडा फुकट ऐकायला मिळतो, त्यावरून हा सूर आपल्याला सोसतो का ते कळतं. वर्षाचं एकदम भरू नका. एका ॲपने (नाव घेत नाही) मोफत आठवडा संपताच माझ्या कार्डावरून वर्षभराची रक्कम उचलली आणि ती परत मिळवायला मला जुनी काउंटरवरची जीभ बाहेर काढावी लागली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरची अशी आवर्ती वजावट होण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. तो मेसेज आला की वाचा, जाहिरात समजून पुसू नका, आणि नको असेल तर त्याच दिवशी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती परवानगी रद्द करा.

कारखान्यात जाणाऱ्या पोरांनी 'उस्तेद' आधी शिका, पिम्स्लर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त लागू पडेल. शाकाहारी असाल तर एक वाक्य कोर्सची वाट न बघता आजच पाठ करा: "सोय बेखेतारियानो, सिन खामोन, सिन आतून." मुली असाल तर बेखेतारियाना. मी शाकाहारी, हॅम नको, ट्यूना नको. तिकडे शाकाहारी म्हणून मागवलेल्या सॅलडवरही मासा येऊ शकतो, म्हणून ट्यूना वेगळा सांगावा लागतो.